घड्याळाच्या पट्ट्याखाली

मनगटावरचं घड्याळ काढा आणि पट्ट्याखालची कातडी नीट बघा. मग हात वर करून दंडाची आतली, काखेजवळची बाजू उजेडात धरा, आणि शेजारी दुसऱ्या हाताची पाठ ठेवा. तिन्ही ठिकाणची कातडी तुमचीच, तिन्हींचं वय सारखंच. पण हाताच्या पाठीवर बारीक रेषांचं जाळं असतं, ठिपके असतात, खरखरीतपणा असतो. दंडाची आतली बाजू मात्र साठीतल्या माणसाचीही मऊ आणि एकरंगी निघते. हा फरक वयाचा असता तर सगळीकडे सारखा दिसला असता. ‘माझे केस काही उन्हात पांढरे झालेले नाहीत’ असं वडीलधारी माणसं सुनावतात, आणि केसांपुरतं त्यांचं बरोबरच आहे. कातडीचं म्हातारपण मात्र बरंचसं उन्हातच येतं.

असं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: ‘मग सनस्क्रीन लावा.’ इथेच माझी तक्रार सुरू होते. उन्हापासून त्वचा रोज जपायला हवी याबद्दल मला शंका नाही. पण या आरोग्याच्या प्रश्नाचा आपण सौंदर्यप्रसाधनाचा प्रश्न करून टाकला आणि मग तो एका ट्यूबमध्ये भरून ज्याच्या त्याच्या हातात दिला. ज्याला परवडेल आणि ज्याला आरशासमोर पाच मिनिटं मिळतील, त्यानं स्वतःला वाचवावं. उरलेले उन्हात.

गोंधळाची सुरुवात भाषेपासून आहे. मराठीत ऊन म्हणजे सूर्यप्रकाश, आणि ऊन म्हणजे गरमसुद्धा. अंघोळीचं पाणी ऊन असतं. एकाच शब्दात दोन्ही भरल्यामुळे आपण सूर्यप्रकाशाचं मोजमाप चटक्यावरून करतो. चटका बसला की ‘आज ऊन आहे’, गार वारा असला की ‘आज ऊन नाही’. चटका देणारी किरणं वेगळी आणि त्वचेच्या पेशीतल्या डीएनएला धक्का देणारी अतिनील किरणं वेगळी. ही अतिनील किरणं डोळ्याला दिसत नाहीत आणि कातडीला जाणवतही नाहीत. १८०१ साली योहान रिटर या जर्मन शास्त्रज्ञाला त्यांचा पत्ता लागला तो सिल्व्हर क्लोराइड जांभळ्या प्रकाशाच्या पलीकडच्या, डोळ्याला अंधाऱ्या दिसणाऱ्या भागात सर्वांत लवकर काळवंडलं म्हणून. रसायनाला जे कळलं ते माणसाच्या ज्ञानेंद्रियांना कळत नाही. म्हणूनच थंड हवेच्या डोंगरावर माणसं बेसावध राहतात. वास्तविक दर हजार मीटर उंचीला अतिनील किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत तोंडावर फेकतो. पातळ ढगांतूनही ८० टक्क्यांपर्यंत किरणं खाली उतरू शकतात.

या किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. यूव्हीबी त्वचेच्या वरच्या थरात थांबते, कातडी लाल करते, सोलवटते. तिची निदान पावती तरी मिळते. यूव्हीए खोलवर जाते, कातडी घट्ट ठेवणारे कोलॅजनचे धागे कमकुवत करते, रंगद्रव्याला चाळवते, आणि त्या दिवशी काहीच दिसत नाही. जमिनीपर्यंत येणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के हिस्सा या गुपचूप काम करणाऱ्या यूव्हीएचा असतो. साध्या काचेतून यूव्हीबी फारशी येत नाही, यूव्हीए मात्र येते.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे एक छायाचित्र. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१२ साली ते छापून आलं. माणूस ६९ वर्षांचा, २८ वर्षं मालवाहू गाडी चालवलेला. चेहऱ्याची उजवी बाजू वयाला साजेशी. खिडकीकडची डावी बाजू मात्र जाड, लोंबलेली, खोल घड्यांची, जणू दुसऱ्याच आणि वीस वर्षांनी मोठ्या माणसाची. या माणसानं समुद्रकिनाऱ्यावर लोळून हे ओढवून घेतलेलं नव्हतं. तो फक्त कामावर जात होता. छायाचित्राकडे बघताना लोक सुरकुत्यांची चर्चा करतात. मला ते छायाचित्र रोजगाराचं वाटतं.

रोजच्या संरक्षणाचा खरंच उपयोग होतो का, की हे सगळं कंपन्यांनी रचलेलं? प्रश्न रास्त आहे आणि त्याला चांगलं उत्तरही आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड राज्यात नॅम्बोर नावाचं गाव आहे. तिथल्या १,६२१ प्रौढांना १९९२ मध्ये चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं गेलं. एका गटानं डोकं, मान, हात यांवर रोज सनस्क्रीन लावायचं. दुसऱ्यानं आपल्या मनाप्रमाणे, हवं तर लावायचं. अभ्यास १९९६पर्यंत चालला. रोज लावणाऱ्यांत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या गाठी सुमारे ४० टक्क्यांनी कमी निघाल्या. त्यानंतर दहा वर्षं या माणसांचा पाठपुरावा झाला, तेव्हा मेलॅनोमा हा जास्त घातक कर्करोग पहिल्या गटात ११ जणांना आणि दुसऱ्यात २२ जणांना झालेला आढळला. बेसल सेल कार्सिनोमा या तिसऱ्या प्रकारात मात्र फरक पडला नाही, आणि हेही सांगायला हवं, नाहीतर आपणही जाहिरातच करू. याच अभ्यासातली म्हातारपणाची मोजणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. त्यासाठी लोकांच्या हाताच्या पाठीचे ठसे सिलिकॉनमध्ये घेतले होते, म्हणजे सुरुवातीला मी तुम्हाला बघायला सांगितली तीच जागा. रोज लावणाऱ्यांत त्वचेचं वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी भरलं.

यात मला महत्त्वाचा वाटतो तो ‘रोज’ हा शब्द. दोन्ही गटांना सनस्क्रीन माहीत होतं. दुसऱ्या गटातली माणसंही उन्हातल्या सहलीला ते लावतच असणार. फरक पडला तो सवयीनं, सहलीच्या सावधगिरीनं नव्हे. कपडे वाळत घालताना, मुलाला शाळेत सोडताना, बसची वाट बघताना जी पाच-दहा मिनिटं ‘ती काय उन्हात गेली थोडीच’ म्हणून आपण मोजत नाही, त्यांचीच बेरीज होत असते. अतिनील किरणांनी डीएनएच्या साखळीत थायमिन नावाचे शेजारचे दोन घटक एकमेकांना चिकटतात. पेशी ते शोधते, कापते, दुरुस्त करते, आणि बहुतेक वेळा छान करते. कधीतरी एखादी चूक राहून जाते. अशा चुका वर्षानुवर्षं साठत जातात.

आता सर्वांत प्रामाणिक आक्षेप. ऑस्ट्रेलियातल्या त्या अभ्यासातली बहुतेक माणसं गोऱ्या कातडीची. सावळ्या, गव्हाळ, काळ्या त्वचेच्या माणसांनी हा हिशेब तसाच्या तसा का स्वीकारावा? स्वीकारू नयेच. मेलॅनिन हे कातडीला गडद करणारं रंगद्रव्य चांगलं संरक्षण आहे. १९७९च्या एका जुन्या मोजणीत काळ्या त्वचेच्या वरच्या थराचं नैसर्गिक एसपीएफ, म्हणजे उन्हानं लाल होण्यापासूनच्या संरक्षणाचा आकडा, सरासरी १३.४ आणि गोऱ्या त्वचेचं ३.४ निघालं होतं. गडद त्वचेत उन्हानं होणारा कर्करोग कितीतरी कमी. त्वचेचे प्रकार सांगताना डॉक्टर जे फिट्झपॅट्रिकचं वर्गीकरण वापरतात ते १९७५ साली तयार झालं तेव्हा गोऱ्या कातडीपुरतंच होतं. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडला गेला. बऱ्याच सल्ल्यांची गत अशीच आहे. आधी एका कातडीसाठी लिहिले, मग बाकीच्यांना चिकटवले.

जमैकाचा गडद कातडीचा गायक बॉब मार्ली याचं उदाहरण या संदर्भात हमखास दिलं जातं आणि हमखास चुकीचं दिलं जातं. तो १९८१ साली, वयाच्या ३६व्या वर्षी, पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या मेलॅनोमानं गेला. पण तळवे आणि नखांखालचा हा प्रकार उन्हामुळे होत नाही. गडद त्वचेच्या माणसाला यातून घ्यायचा धडा सनस्क्रीनचा नाही. तळपायावरचा वाढता काळा डाग, नखावरची रुंदावणारी काळी रेघ याकडे दुर्लक्ष करू नये, हा आहे. जो सल्ला उपयोगाचा तो बाजूला आणि जो विकता येतो तो पुढे, असं इथे झालेलं आहे.

मग गडद त्वचेला उन्हापासून जपण्याचं कारण काय? कारण आहे, फक्त वेगळं आहे. वांग, पुटकुळी बरी झाल्यावर उरलेले काळे डाग, गालावर आणि कपाळावर पडणारे ठिगळांसारखे पट्टे यांचा त्रास गडद त्वचेलाच जास्त होतो आणि ऊन त्यांना खतपाणी घालतं. वांगाच्या बाबतीत डोळ्याला दिसणारा प्रकाशही हातभार लावतो, म्हणून नुसत्या अतिनील गाळणाऱ्या पांढऱ्या क्रीमपेक्षा लोह ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं क्रीम तिथे अधिक कामाला येतं. शिवाय मेलॅनिन म्हणजे अभेद्य चिलखत, असंही नाही. उजेड बंद झाल्यावरही तीनेक तास मेलॅनिनवाल्या पेशींत डीएनएची हानी चालू राहते, असं येल विद्यापीठातल्या प्रयोगांत २०१५ साली दिसलं, आणि त्यात मेलॅनिनचाच हात होता. राखणदारच कधी कधी आतून कडी काढतो. आणि डोळे तर सर्वांचे सारखेच. मोतीबिंदूला अतिनील किरणं हातभार लावतात, ती बुबुळं कोणत्या रंगाच्या चेहऱ्यात बसली आहेत ते बघत नाहीत.

सनस्क्रीनच्या बाजाराचं मात्र मला कौतुक नाही. ‘काळवंडू नका’ या एका भीतीवर अर्धा बाजार चालतो. जगाच्या एका भागात माणसं कातडी रापवायला यंत्रात झोपतात आणि दुसऱ्या भागात उजळायला क्रीम थापतात. दोघांना आपली कातडी आहे तशी नको असते. कृत्रिम टॅनिंगची यंत्रं २००९ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे कर्करोग नक्की घडवणाऱ्या गोष्टींच्या गटात टाकली. सूर्यप्रकाश त्या यादीत १९९२पासूनच होता. रंग हा मुद्दाच नाही. रंग बदलणं हा त्वचेनं दिलेला हाकारा आहे, की आत काहीतरी बिघडलं.

त्यात आकड्यांची फसवाफसवी. एसपीएफ १५ यूव्हीबीची सुमारे ९३ टक्के किरणं अडवतं, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८. म्हणजे ३०वरून ५०वर गेलं की फायदा एका टक्क्याचा. एसपीएफ हा आकडा यूव्हीएबद्दल तर जवळजवळ काहीच सांगत नाही, त्यासाठी डब्यावर ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ किंवा यूव्हीएपासूनचं संरक्षण सांगणाऱ्या ‘पीए’ या अक्षरांपुढची अधिकची चिन्हं शोधावी लागतात. प्रयोगशाळेत हा आकडा काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम थापतात. माणसं प्रत्यक्षात त्याच्या पाव ते निम्मं लावतात. चेहरा आणि मानेसाठी तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढावी इतकं क्रीम लागतं. मी पहिल्यांदा मोजून तेवढं घेतलं तेव्हा चेहरा कळसूत्री बाहुलीसारखा पांढरा झाला होता, आणि तोवरची सगळी वर्षं मी नुसता वास लावून बाहेर पडत होतो हे कळलं. पूर्ण अंगाला एका वेळी सुमारे ३५ मिलिलिटर. दोन तासांनी पुन्हा. दिवसभर उघड्यावर काम करणाऱ्यानं हा नियम पाळला तर ५० मिलिलिटरची ट्यूब दुपारच्या आत संपेल. आणि त्या ट्यूबवरचा आकडा तरी खरा असतो का? २०२५ साली ऑस्ट्रेलियातल्या एका ग्राहक संघटनेनं बाजारातली २० सनस्क्रीनं तपासून घेतली, तर १६ छापलेल्या एसपीएफला उतरली नाहीत. ज्या देशात सनस्क्रीनवर औषधासारखं नियंत्रण आहे, तिथली ही कथा.

ड जीवनसत्त्वाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. ते यूव्हीबीमुळे त्वचेत तयार होतं हे खरं, पण त्यासाठी तासन्‌तास उन्हात राहावं लागत नाही, आणि कमतरता निघालीच तर गोळी आहे. भाजलेली त्वचा परत करणारी गोळी नाही.

क्रीमच्या आधी काय, हे लोकांना कधी कुणी नीट सांगितलंच नाही असं नाही. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या कर्करोग परिषदेनं १९८१ साली एक मोहीम काढली. चड्डी-टोपीतला एक समुद्रपक्षी मुलांना तीन गोष्टी सांगायचा: सदरा चढवा, क्रीम थापा, टोपी घाला. नंतर त्यात सावली शोधा आणि गॉगल लावा या दोन आल्या. पाचांतल्या चार गोष्टी कापड, सावली आणि काच. क्रीम एक. आज जगभर त्यातलं एकच उरलं, कारण सावलीची जाहिरात कोण करणार? घट्ट विणीचा, गडद रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सदरा दिवसभर तेवढंच काम करतो, दोन तासांनी परत लावावा लागत नाही. पातळ, ओला, ताणलेला कपडा मात्र कमी अडवतो. सावलीचीही एक कसोटी आहे. डोकं वर करून बघा, जितकं आकाश दिसतं तितकी किरणं विखरून आत येताहेत. दाट झाडाखाली आणि एकट्या छत्रीखाली सारखी सावली नसते. आणि स्वतःची सावली उंचीपेक्षा आखूड पडली की किरणांचा जोर चढलेला आहे, यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. दिवसभरातली साधारण ६० टक्के अतिनील किरणं सकाळी दहा ते दुपारी दोनमध्ये येतात.

म्हणजे सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे त्या चार तासांत उन्हात नसणं. पण हे वाक्य ज्यांना सर्वांत जास्त लागू आहे, त्यांना ते ऐकवणं म्हणजे थट्टा. शेतात, रस्त्यावर, बांधकामावर, बोटीवर काम करणारा माणूस ऊन निवडत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२३ साली एकत्र अंदाज मांडला. २०१९मध्ये जगातली १६० कोटी माणसं कामामुळे सूर्याच्या अतिनील किरणांना सामोरी जात होती, कामाच्या वयातल्या दर शंभरांमागे २८. मेलॅनोमा सोडून इतर त्वचेच्या कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंपैकी जवळजवळ एक तृतीयांश उघड्यावरच्या कामाच्या खात्यात जातात, त्या एका वर्षात सुमारे १९ हजार. हे मृत्यू ‘त्यांनी क्रीम लावलं नाही’ म्हणून झाले असं म्हणायला फारच निगरगट्ट व्हावं लागेल.

खाणीतल्या माणसाला धूळ खायला लावली तर ती मालकाची जबाबदारी, हे आपण मान्य केलं. उन्हाचं तसं का नसावं? जर्मनीनं २०१५पासून उन्हात काम करणाऱ्यांना होणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा व्यावसायिक आजारांच्या यादीत घेतला. एकदा आजार यादीत आला की नुकसानभरपाई येते, आणि नुकसानभरपाई द्यावी लागली की मालकाला अचानक ताडपत्री परवडू लागते. कामाच्या वेळा बदलणं, जड काम सकाळी आणि संध्याकाळी, मधल्या वेळात आडोसा, पूर्ण बाह्यांचा गणवेश, मानेवर येणारी कड असलेली टोपी ही मोठ्या विज्ञानाची कामं नाहीत. शाळेचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या अनेक शाळांत ‘टोपी नाही तर खेळ नाही’ हा नियम आहे, आणि तिथल्या तरुण पिढीत मेलॅनोमाचं प्रमाण उतरलं आहे. इतरत्र खेळाचा तास भर दुपारी ठेवायचा, मैदान सपाट आणि बिनझाडाचं करायचं, आणि मुलाच्या दप्तरात क्रीम घालून दिलं म्हणून पालकांनी निश्चिंत व्हायचं, हा क्रम मला उलटा वाटतो.

‘एवढं सरकारनं करायचं का?’ असं कुणी म्हणालं तर मी ओझोनकडे बोट दाखवतो. माणसाच्या हातून झालेलं त्वचेचं सर्वांत मोठं संरक्षण कुठल्याही दुकानात मिळालेलं नाही. फ्रिज आणि फवाऱ्यांतली सीएफसी रसायनं वातावरणातला अतिनील किरणं अडवणारा ओझोनचा थर खातात हे मोलिना आणि रोलंड यांनी १९७४ साली सांगितलं. अंटार्क्टिकावरचं या थराचं छिद्र १९८५मध्ये जाहीर झालं आणि १९८७मध्ये ही रसायनं हटवण्यासाठी मॉन्ट्रियलचा करार झाला. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा हिशेब असा, की १८९० ते २१०० या काळात जन्मलेल्या, जन्मणाऱ्या एकट्या अमेरिकनांतच या करारामुळे त्वचेच्या कर्करोगाचे ४४ कोटींहून अधिक रुग्ण टळतील. त्यासाठी त्यांच्यापैकी कुणालाही सकाळी काही लावावं लागलं नाही. त्यांच्या वतीनं कुणीतरी एका टेबलावर बसून सही केली होती.

त्या मानानं खालच्या पातळीवरची कामं किती साधी आहेत. कुठल्याही बसथांब्यावर दुपारी तीनला उभं राहून बघा. वर छप्पर असतं, पण ते इतकं अरुंद आणि उंच, की सावली बाकावर न पडता मागच्या गटारावर पडलेली असते. बाक रिकामा. माणसं थोडी पलीकडे, दिव्याच्या खांबाची जी वीतभर रुंद काळी पट्टी जमिनीवर पसरलेली आहे तिच्यात, एकामागे एक, न सांगता रांग लावून उभी असतात, आणि पट्टी सरकली की सगळी रांग तिच्याबरोबर अर्धं पाऊल सरकते.